ड्रायव्हर हातात घेतल्यावर काय बदलायचं

खारघरच्या गोल्फ कोर्सवर टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभं राहून सात नंबर आयर्नसारखाच (मधल्या लांबीचा, लोखंडी डोक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा लांब दांड्याचा क्लब, फिरवलात, तर चेंडू उजवीकडे वळणारच. सात नंबर साधारण 37 इंच, ड्रायव्हर 45 च्या आसपास. दांडा लांब, म्हणून चेंडूपासून लांब उभं राहावं लागतं आणि स्विंगचं प्लेन (क्लब ज्या तिरक्या पातळीत फिरतो ती) आपोआप आडवं होतं. ते मुद्दाम आडवं करू नका. क्लब पाठीमागे अडकतो.

उजव्या हाताने खेळत असाल तर चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत ठेवा. पायांतलं अंतर खांद्यांपेक्षा किंचित जास्त. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली, पाठीचा कणा लक्ष्यापासून किंचित मागे झुकलेला. टी (चेंडू ठेवायची खुंटी) एवढी उंच, की अर्धा चेंडू क्लबच्या माथ्याच्या वर दिसेल. आयर्न उतरताना चेंडूला भेटतं, ड्रायव्हर चढताना.

बहुतेकांची गफलत इथेच होते: चेंडू पुढे ठेवला की खांदेही नकळत डावीकडे उघडतात, क्लब बाहेरून आत येतो आणि स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, बसतो. पाय तपासून भागत नाही, दांडा छातीला आडवा लावून खांद्यांची दिशा बघा. आणि जोर? सत्तर टक्के पुरे.