‘अ‍ॅन्युरिझम’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: ‘जॅनेट पॉवेल या ब्रिटिश संशोधिकेच्या कामावर मराठीत लेख लिहिते आहे. हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीला होणारा अ‍ॅन्युरिझम हा त्यांचा विषय. त्याला ‘रक्तवाहिनीची गाठ’, ‘शीर फुगणे’, ‘धमनीकाठिण्य’, ‘विस्फार’ असे बरेच पर्याय सापडले. कोणता घ्यावा? धमनी म्हणावे की रोहिणी? आणि ‘डिसेक्शन’ला ‘विच्छेदन’ चालेल का?’

आधी ‘गाठ’ काढून टाका. मराठी माणसाने ‘पोटात गाठ आहे’ एवढे ऐकले की त्याच्या मनात कर्करोग येतो, आणि ‘रक्ताची गाठ’ म्हटले की गुठळी. अ‍ॅन्युरिझम या दोन्हींपैकी काहीच नाही. रोहिणीची, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या धमनीची, भिंत एका जागी कमजोर होते, आतल्या रक्ताच्या दाबाने ती बाहेर फुगत जाते आणि तिथला व्यास कायमचा वाढतो. नेहमीच्या व्यासाच्या दीडपट झाला की त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणायचे, ही वैद्यकातली रूढ व्याख्या. हृदयातून निघणारी ही मोठी रक्तवाहिनी पोटात साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते, म्हणून तिथे तीन सेंटिमीटर ही सीमा धरतात. शिवाय अशा फुगलेल्या भागाच्या आत पुष्कळदा खरोखरच रक्ताची गुठळी थरांनी साचलेली असते. फुगवट्यालाच ‘गाठ’ म्हटले, तर त्या आतल्या गुठळीला काय म्हणणार?

‘गाठ’ शब्दाचे समर्थन करायचेच तर सुश्रुताचे नाव घेता येईल. आपल्या संहितेच्या ‘निदानस्थान’ या भागात त्याने ‘सिराज ग्रंथी’ सांगितली आहे: अशक्त माणसाने श्रम केले की वायू शिरांचे जाळे आखडून उंच, गोल ग्रंथी तयार करतो. ती दुखणारी आणि हलणारी असेल तर कष्टसाध्य. न दुखणारी, न हलणारी, मोठी आणि मर्मावर असेल तर वैद्याने तिला हात लावू नये. हे वर्णन अ‍ॅन्युरिझमचे असावे असे अनेकांनी म्हटले आहे, आणि तो इशारा वाचताना त्या निरीक्षणाबद्दल आदर वाटतोच. पण सुश्रुत बाहेरून, बोटांनी चाचपून लागणारा उंचवटा सांगतो आहे. ‘ग्रंथी’ हा त्याच्याकडे अशा सगळ्याच उंचवट्यांचा वर्ग आहे. आज आपल्याला भिंतीचे काय झाले ते सांगायचे आहे, तेव्हा तो शब्द पुरत नाही.

‘शीर फुगणे’ बोलीत छान बसते, पण ती जागा आधीच भरलेली आहे. पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा दिसायला लागल्या की आपण ‘पायाच्या शिरा फुगल्या’ म्हणतो. मराठीतली ‘शीर’ फार मोकळी आहे. सलाईन लावताना नर्सला शीर सापडत नाही तेव्हा ती नीला (हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी) असते, मानेची शीर दबते तेव्हा बहुधा मज्जातंतू असतो, आणि मेंदूतली शीर फुटते ती बहुतेक वेळा रोहिणी. बोलायला ही सोय फार मोलाची. रोगाच्या नावाला मात्र ती चालत नाही.

‘धमनीकाठिण्य’ तर सरळ चूक आहे. रोहिणीच्या आतल्या बाजूला मेदाचा थर बसून ती कडक व अरुंद होते तो रोग वेगळा. त्याला ‘रोहिणीविलेपी विकार’ असा एक नेमका शब्द आहे, आणि त्यातला ‘विलेप’ मला फार आवडतो, कारण आत लेप बसतो हेच तर त्यात घडते. एका रोगात वाट बुजते, दुसऱ्यात भिंत ताणली जाते. पोटातला अ‍ॅन्युरिझम हा विलेपी विकाराचाच परिणाम, असे बराच काळ मानले जात होते. पुढे लक्षात आले की यात मुख्य झीज भिंतीच्या मधल्या थरात होते: लवचिकपणा देणारे इलॅस्टिन नावाचे प्रथिन दाह आणि विकरे (एन्झाइम) यांमुळे नष्ट होत जाते. धूम्रपान दोन्ही रोगांना पोसते, अ‍ॅन्युरिझमला तर फारच. पण मधुमेहाने विलेपी विकार वाढतो, आणि मधुमेही लोकांत पोटातला अ‍ॅन्युरिझम उलट कमी आढळतो. दोन्ही रोगांना तुमच्या लेखात एकच नाव दिले, तर हे वाक्य तुम्हाला लिहिताच येणार नाही.

म्हणून माझे मत ‘विस्फार’ला. विस्फारलेले डोळे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, तेव्हा शब्द परका वाटणार नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘रुंद होणे’ असाच आहे. त्यातला ‘न्यूर’ पाहून काहींना मज्जातंतू आठवतात, पण त्याचा इथे संबंध नाही. शब्दाच्या पोटात आहे ‘एउरुस’, म्हणजे रुंद. हा ‘एउरुस’ आणि संस्कृतातला ‘उरु’ एकाच मुळाचे. पृथ्वीला ‘उर्वी’ म्हणतात ती याच ‘उरु’वरून, विस्तीर्ण म्हणून. अ‍ॅन्युरिझम आणि उर्वी इतक्या जवळच्या नात्यातले निघावेत, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

आता धमनी की रोहिणी? ‘धमनी’ हा शब्द ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे या धातूपासून आला. चरकानेच ‘ध्मानात् धमन्यः’ अशी फोड दिली आहे. ग्रीकांचा ‘आर्टेरिआ’ही आधी श्वासनलिकेला लागत असे. मृत देहातल्या रोहिण्या रिकाम्या दिसतात, त्यामुळे त्यांतून हवा वाहते अशी समजूत होती. ‘रोहिणी’चा अर्थ मात्र तांबडी. सुश्रुताच्या शारीरस्थानात सातशे सिरांचे चार वर्ग आहेत: वाताच्या अरुण, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी. त्यांतल्या दोन उचलून मराठी परिभाषाकारांनी रोहिणी-नीला ही जोडी केली. तांबडी आणि निळी, ऐकताच कळावी अशी. धमनीची जोडीदारीण ‘शिरा’ होते, आणि तिथे ‘शीर’चा घोळ पुन्हा आत येतो. म्हणून मी रोहिणी घेईन: ‘महारोहिणी’ आणि ‘महारोहिणीविस्फार’. वर्तमानपत्राच्या वाचकाला ‘महाधमनी’ जास्त ओळखीची असेल, तर पहिल्यांदा ‘महारोहिणी, म्हणजेच महाधमनी’ असे लिहा आणि पुढे एकच शब्द ठेवा.

‘डिसेक्शन’ला ‘विच्छेदन’ कृपा करून नको. आपल्याकडे विच्छेदन शवाचे होते. ‘रुग्णाच्या महारोहिणीचे विच्छेदन झाले’ हे वाचून नातेवाइकांच्या अंगावर काटा येईल. प्रत्यक्षात काय होते? भिंतीच्या आतल्या थराला चीर पडते, तिच्यातून रक्त मधल्या थरात घुसते आणि घडीच्या पोळीसारखे भिंतीचे पदर सुटत जातात. ‘महारोहिणीचे पदर सुटणे’ असे लिहा. नावच हवे असेल तर ‘भित्तिविभाजन’. आणि ‘फुटणे’ हे क्रियापद वेगळे राखून ठेवा, कारण पॉवेल यांच्या कामात त्याला स्वतंत्र जागा आहे. फुटलेल्या विस्फारावर पोट उघडून शस्त्रक्रिया करावी की जांघेतल्या रोहिणीतून आत जाऊन, हे तपासणाऱ्या ‘इम्प्रूव्ह’ चाचणीचे नेतृत्व त्यांचेच.

त्यांच्या त्याआधीच्या कामासाठी तुम्हाला ‘सर्व्हेलन्स’ला शब्द लागेल. त्या ज्या चाचणीच्या प्रमुख संशोधकांपैकी होत्या, तिच्यात ६० ते ७६ वर्षे वयाचे १०९० रुग्ण होते. विस्फार ४ ते ५.५ सेंटिमीटरचा. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया, बाकीच्यांची दर सहा किंवा तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि विस्फार ५.५च्या पुढे गेला तरच शस्त्रक्रिया. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: लवकर शस्त्रक्रिया करून आयुष्य वाढले नाही. याला ‘पाळत’ म्हटले तर पोलीस आठवतात, ‘वाट पाहणे’ म्हटले तर हयगय वाटते. ‘नियमित मोजणी’ लिहा. तिथे खरोखर तेवढेच करतात, सेंटिमीटर मोजतात.

राहिला ‘ग्राफ्ट’. ‘कलम’ हा त्याचा कोशातला अर्थ आंब्याला शोभतो, त्वचारोपणालाही कदाचित चालेल, पण इथे जिवंत काही रुजत नाही. फुगलेल्या भागात कापडाची नळी बसवतात. १९५०च्या दशकात मायकेल डिबेकी या अमेरिकी शल्यविशारदांनी ह्यूस्टनच्या एका दुकानातून डेक्रॉन या कृत्रिम धाग्याचे कापड आणले आणि बायकोच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेसला हुआन परोडी या शल्यविशारदांनी १९९० साली अशी नळी जांघेतून वर सरकवून विस्फाराच्या आत बसवली. पोट उघडून बसवलेल्या नळीला ‘कापडी नळी’ म्हणा, आणि आतून बसवलेलीला ‘अस्तर’. शिंप्याकडचा शब्द आहे, आणि काम अगदी तेच आहे.