उचल फिटली नाही म्हणून माणूस ठेवून घेता येत नाही

दिवाळी सरली की बीड, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडं साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हंगाम संपून पट्टा पडला की परततात. या वेळचे प्रश्न त्या परतीनंतरचे आहेत.

प्रश्न : हंगामाआधी आगाऊ घेतलेल्या सव्वा लाख उचलीतले चाळीस हजार फिटले नाहीत, म्हणून टोळी नेणाऱ्या मुकादमाने माझ्या धाकट्या दिराला स्वतःच्या शेतावर ठेवून घेतलंय. "पैसे आणा, माणूस न्या," म्हणतो. पोलिसांत गेलो तर आमच्यावरच फसवणुकीची केस करीन, अशी धमकी देतो. ताई, काय करावं? (गेवराई तालुका)

आधी दीर घरी आणा, हिशोब नंतर. उचलीपोटी माणूस अडकवून त्याच्याकडून काम करून घेणं ही वेठबिगारी आहे आणि 1976 च्या कायद्याने ती बंद झाली आहे. वेठबिगारी सिद्ध झाली तर ते कर्जच रद्द होतं. प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. दीर कुठे आहे, कधीपासून आहे, मुकादम काय म्हणाला, एवढं त्यात लिहा आणि पोच घ्या. डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली वेगळा गुन्हा आहे, त्यामुळे ठाण्यातही जा. केसच्या धमकीला भिऊन घरी बसू नका. घेतलेली उचल फिटली नाही एवढ्यावरून फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता, हे दाखवावं लागतं. (दोन मुकादमांकडून उचल घेऊन एकाला टांग मारणाऱ्यांची बाजू मात्र लंगडी पडते.) मुकादमाला पैसे खरोखर येणं असतील तर त्याने दिवाणी कोर्टात जावं. त्यानेही वरून सह्या करूनच रक्कम उचललेली असते, हे मला ठाऊक आहे. पण त्याचा बोजा तुमच्या दिराच्या अंगावर टाकायचा हक्क त्याला मिळत नाही.

वकिलाचा खर्च नको. बाईमाणसाला उत्पन्न न बघता सरकारकडून वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा नंबर लावा.

प्रश्न : किती टन तोडलं, ते मुकादम सांगेल तेवढंच. भाव नेमका किती? (पाथर्डी)

जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांच्या बैठकीत 34 टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपयांवर गेला. मुकादमाचं कमिशन यापेक्षा वेगळं असतं, ते तुमच्या मजुरीतून कापायचं नाही. चालू हंगामाचा दर गाडीत बसायच्या आधी विचारा. प्रत्येक खेपेच्या काट्याच्या पावतीचा मोबाइलवर फोटो काढा आणि आठवड्याची खर्ची (खर्चाला मिळणारे पैसे) वहीत लिहा. वही बायकोनेही ठेवावी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण पैसे मोजले जातात नवऱ्याच्या हातात. ही रीत मला मुळीच पटत नाही.

प्रश्न : अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं. दवाखान्यात म्हणाले, गर्भाची पिशवी काढून टाक, मग खाडा (कामावर गैरहजेरी) पडणार नाही. वय एकोणतीस. (वडवणी)

मी डॉक्टर नाही, पण इतकं सांगते : सही करू नका. 2019 मध्ये सरकारी समितीने बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं बऱ्याचदा औषधांनी बरं होतं. पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचे त्रास ऐन तिशीत सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात आणि मग कोयता चालवणं आणखी जड जातं. जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. 2019 पासून बीडमध्ये खासगी दवाखान्याला या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, ती मागून बघा. दुखणं राहायच्या कोपीजवळ ना संडास ना पाणी याचं आहे आणि एका दिवसाच्या गैरहजेरीला दंड लावणाऱ्या खाड्याचं आहे. त्याला पिशवी काढणं हा उपाय नव्हे.

प्रश्न : मुलीची शाळा आणि रेशन दोन्ही बुडतात. (धारूर)

बुडायची गरज नाही. आजी-आजोबा गावात असतील तर शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. सोबत नेलीत तर कारखान्याजवळची शाळा दाखल्यासाठी तिचा प्रवेश अडवू शकत नाही. रेशन कोणत्याही दुकानात अंगठा लावून मिळतं.

प्रश्न : उसाच्या फडात साप चावून वडील गेले. दोन एकर जमीन त्यांच्या नावावर आहे. मुकादम म्हणतो, तुम्ही मजूर, शेतकऱ्याची मदत तुम्हाला नाही. (आष्टी)

साफ खोटं. हातात कोयता आला म्हणून सातबारा पुसला जात नाही. पाऊस आणि भाव दोन्ही हुकले म्हणून घर सोडलेला तो शेतकरीच आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश बसतो आणि मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो. सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसांची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडा. शेवटचे दोन कागद कारखान्याकडच्या ठाण्यातून आणि दवाखान्यातून आणावे लागतील. दुःखात हेच राहून जातं, म्हणून आजच कुणाला तरी तिकडे पाठवा.