पोर्ट ब्लेअरला वर्षभर पाऊसच असतो का? संभाजीनगरहून तिथे राहायला जायचं तर काय तयारी ठेवावी?

तुमची मे महिन्यात पोर्ट ब्लेअरला बदली होतेय, सोबत आई आहेत, त्यांना दमा आहे आणि तिथलं हवामान सोसेल का याची धास्ती वाटतेय, असं तुम्ही लिहिलंय. मी मूळची सोलापूरची. यजमानांच्या नोकरीमुळे 2014 ते 2018 अशी चार वर्षं तिथे काढली. कोरड्या गावातून उठून तिथे गेल्यावर काय होतं, ते मी अंगावर घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (सप्टेंबर 2024 पासून गावाचं सरकारी नाव श्री विजयपुरम झालंय. माझ्या तोंडात मात्र अजून जुनंच नाव येतं.)

तापमानाची काळजी आधी मनातून काढून टाका. बाराही महिने दुपारी 29 ते 32 अंश आणि पहाटे 22 ते 25, यापलीकडे पारा फारसा हलत नाही. चहूकडे समुद्र, आणि त्याचं पाणीच वर्षभर कोमट. ते हवेला दिवसा फार तापू देत नाही, रात्री गार पडू देत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यातली 40 अंशांची काहिली तिथे नाही, तशी डिसेंबरातली पहाटेची थंडीही नाही. रजया, स्वेटर गावीच ठेवून जा.

खरी सवय करून घ्यावी लागते ती ओलाव्याची. तिथे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा ऐकून घाबरू नका, रत्नागिरीतही जवळपास तेवढाच पडतो. पण कोकणात तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि पुढचे आठ महिने घरं, कपडे, माणसं वाळायला मोकळी असतात. पोर्ट ब्लेअरला तोच पाऊस मे ते डिसेंबर असा पसरलेला असतो. केरळात 1 जूनला येणारा मोसमी पाऊस त्याच्या आठ-दहा दिवस आधी अंदमानच्या समुद्रात पोचतो. सप्टेंबरनंतर नैऋत्येचा वारा थकला की ईशान्येकडचा सुरू होतो आणि तोही पाऊस घेऊन येतो. आपल्याकडे नवरात्र सरता सरता जी स्वच्छ कोरडी उन्हं पडतात, ती तिथे मिळत नाहीत. पहिल्या दिवाळीला मी गॅलरीत कागदी आकाशकंदील लावला होता, दुसऱ्या दिवशी त्याचा नुसता सांगाडा उरला.

आता घरातलं सांगते, कारण तुमचा रोजचा संबंध त्याच्याशी आहे. जुलैत पंधरा दिवस बंद राहिलेल्या कपाटातून मी चपला काढल्या, तर त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी. पट्टे, पर्सेस, पुस्तकांच्या कडा, कॅमेऱ्याची भिंग, सगळ्यांची तीच गत. जरीच्या साड्या नेऊ नका. माझ्या पैठणीची जर काळवंडली, ती मला अजून सलते. आम्ही पुढे कपाटात लहानसा पिवळा दिवा लावून ठेवायला लागलो, कपड्यांपासून दूर. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. भाजणी, पापड, लोणच्याचा मसाला पाव-पाव किलोच्या घट्ट डब्यांत ठेवा आणि एका वेळी एकच डबा उघडा.

कपडे वाळवण्याची युक्ती घड्याळात आहे. अंदमान खूप पूर्वेला असूनही वेळ आपलीच पाळतो, म्हणून जूनमध्ये पहाटे पाचलाच सूर्य वर येतो आणि नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या आत मावळतो. आठला मशीन लावलं की कपडे दोरीवर जाईपर्यंत ढग येतात. साडेपाचला लावलं तर चार तासांचं ऊन हाती लागतं. पाऊसही दिवसभर धरून बसणारा नसतो बरेचदा. जोराची सर, मग लख्ख ऊन, परत सर. चार-चार दिवसांची झडही लागते, पण मधली उघडीप हेरायला लवकरच शिकाल.

आईंच्या दम्याबद्दल डॉक्टरांशीच बोला. मी फक्त घराबद्दल सांगू शकते. भिंतींवरच्या बुरशीने दमा चाळवतो, म्हणून तिथे घर निवडणं हेही औषधाइतकंच महत्त्वाचं. गाव उंचसखल आहे, बरीच घरं उतारावर आहेत. ज्या खोलीची मागची भिंत डोंगराच्या मातीला टेकलेली असेल, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. वरचा मजला, समोरासमोर खिडक्या आणि सकाळचं ऊन एवढं बघा. आमच्या सासूबाई जुलैत आल्या तेव्हा खालच्या मजल्यावर खोकून बेजार झाल्या. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आल्या, घरही बदललेलं होतं, तर रोज मरीना पार्कपर्यंत पायी जाऊन यायच्या.

जानेवारी ते मार्च म्हणजे तिथलं सुख. निळं आकाश, शांत समुद्र, हवेत चिकटपणा कमी. एप्रिलच्या विशीत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पाऊस लागेपर्यंत जीव उकडून निघतो. याच दिवसांत पाण्याची टंचाई असते, हे ऐकून सगळ्यांना नवल वाटतं. एवढा पाऊस पडूनही बेट चिंचोळं, ओढे आखूड, त्यामुळे बरंचसं पाणी थेट समुद्रात जातं आणि गावाची भिस्त मुख्यतः धनीखारी धरणावर राहते. आम्हाला मार्च-एप्रिलात दोन दिवसांआड पाणी यायचं. घर बघताना टाकी किती लिटरची आहे ते नक्की विचारा.

वादळाचे दिवस दोनदा येतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. डिसेंबर 2016 मध्ये पुढे ‘वरदा’ झालेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे बोटी बंद पडल्या. हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि नौदलाला जहाजं पाठवावी लागली. आम्ही गावात सुखरूप होतो, फक्त बाजारात ताजी भाजी दिसेना. तेव्हापासून आठवड्याची डाळ, तांदूळ, बटाटे, कांदे आणि औषधं घरात असायचीच. आईंचा इन्हेलरही एक जास्तीचा ठेवा.

आणि जमत असेल तर त्यांना मेमध्ये लगेच नेऊ नका, कारण तुम्ही पोचाल तेव्हा पाऊस दारात उभा असेल. आधी तुम्ही जा, घर घ्या, त्या घराच्या भिंती एक पावसाळा कशा काढतात ते बघा आणि त्यांना जानेवारीत बोलवा.