शेजारचे दोन फ्लॅट, एक घर : सूट किती?

नागपुरात धरमपेठेतलं जुनं घर विकून मनीषनगरात एकाच मजल्यावरचे दोन फ्लॅट घ्यायचे आणि मधली भिंत काढायची. तर भांडवली नफ्याची (घर विकून झालेल्या नफ्यावरच्या कराची) सूट दोन्हींवर मिळेल का, असं विचारलंय. मिळते. खरेदीखतं दोन म्हणून घरं दोन होत नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाने २००८ मध्ये आनंद बसप्पा प्रकरणात हेच धरलं. २०१४ च्या दुरुस्तीने 'एकच निवासी घर' हे शब्द आले, त्याचा फटका दोन ठिकाणच्या दोन घरांना बसतो.

अडतं ते पुराव्यावर. मधे दार पाडलं, पण स्वयंपाकाचा दुसरा ओटा तसाच आणि त्या बाजूला भाडेकरू, तर अधिकारी दोन घरंच मोजणार, आणि त्यात त्याचं चूक नाही. म्हणून बिल्डरकडून आधीच एकत्रित नकाशा घ्या. ताबा मिळाला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र (कॉलम-बीमला हात नको, फक्त विटांची भिंत), मनपा किंवा नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), ज्यांच्या हद्दीत इमारत येते त्यांची परवानगी, सोसायटीचं ना-हरकत, ठेकेदाराचं बिल आणि आधी-नंतरचे फोटो ठेवा. स्वयंपाकघर एकच. विजेचे मीटर दोन राहिले तर तेवढ्यानं बिघडत नाही.

खरेदी विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत हवी. रिटर्नच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतल्या खास 'भांडवली नफा खात्यात' टाका. साध्या बचत खात्यात ठेवलेली चालत नाही.

नफा २ कोटींपर्यंत असेल तर दोन स्वतंत्र घरांचाही पर्याय आहे, पण आयुष्यात एकदाच. जोडणीचे कागद पक्के असतील तर तो वाया घालवू नका. कच्चे असतील तर खुशाल वापरा.

गृहकर्जाच्या व्याजाच्या वजावटीबाबत गैरसमज फार. दोन कर्जं म्हणजे ४ लाख नव्हे. राहत्या घरांचं, एक धरा की दोन, जुन्या करप्रणालीत मिळून कमाल २ लाख. नव्या प्रणालीत शून्य. पती-पत्नी दोघं मालक आणि दोघंही कर्जदार असतील तर मर्यादा प्रत्येकाला वेगळी. मात्र नफ्याची सूट ज्याने जुनं घर विकलं त्यालाच, तेव्हा एक फ्लॅट निव्वळ पत्नीच्या नावे घेण्याआधी थांबा.

आणि ३ वर्षांत यातला एकही फ्लॅट विकू नका, घेतलेली सूट परत अंगावर येते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, नफ्याची ही सूट देणाऱ्या कलम ५४ चा क्रमांक त्यात बदललाय. विक्री त्यानंतरची असेल तर सीएला नवाच क्रमांक लिहायला सांगा.