खून-दरोडा काहीच नसलेल्या, शाळेतल्या मिस्टरी अ‍ॅनिमेत लोकांना एवढं काय आवडतं? मी ह्योका दोन एपिसोडनंतर सोडली.

नुसती कोडी म्हणून बघाल तर कंटाळा येणारच हो, कारण कोडी कधीकधी अगदीच फुसकी असतात. क्योटो अ‍ॅनिमेशनने 2012 मध्ये होनोबू योनेझावाच्या कादंबऱ्यांवरून बनवलेली ही सिरीज, यात 22 एपिसोडमध्ये एकही मुडदा पडत नाही.

सहाव्या एपिसोडचं सांगतो (स्पॉयलर आहे, पण तुम्ही तसंही सोडलीच आहे). गणिताचे सर चितांदाच्या (मालिकेची नायिका) वर्गावर भडकतात की उत्तर कसं येत नाही, आणि तो भाग तर शिकवलेलाच नसतो, मग एरवी न चिडणारी चितांदा उठून सरांना सुनावते. नंतर तिला प्रश्न पडतो की सरांची अशी चूक झालीच कशी, तर नायक ओरेकी बसल्या जागेवरून सांगतो की कुठल्या तुकडीत कुठवर शिकवलं हे सर पुस्तकात लिहून ठेवत असणार आणि तुकडीच्या खुणेतल्या स्मॉल ए आणि स्मॉल डीमध्ये गल्लत झाली असणार. झालं, एवढंच! पण मग चितांदाला हे जाणून का घ्यायचं होतं याचाही अंदाज तो मनात बांधायला लागतो आणि मध्येच स्वतःला आवरतो, की सरांच्या खुणांबद्दल तर्क लढवणं ठीक, पण तिच्या मनातलं आपल्याला कळलं असं धरून चालणं म्हणजे आगाऊपणा. मला ही मालिका आवडते ती इथे. नेहमीच्या डिटेक्टिव्हला असला संकोच नसतो, गुन्हेगार सापडला की त्याचं काम संपलं.

19 वा एपिसोड तर अख्खा एका खोलीत, ओरेकी आणि चितांदा दोघंच जण, शाळेच्या स्पीकरवरून आलेल्या एका वाक्यावरून तर्क लढवतायत. माझ्या मते सगळ्यात भारी तोच.

याच लेखकाच्या कादंबऱ्यांवरची शोशिमिन ही सिरीज पण आहे, 2024 ची, त्यात सिंक कोरडं ठेवून मित्राने तीन कप कोको केला कसा यावर डोकं खाजवतात 😄 पण त्यातली नायिका ओसानाई दिसते तेवढी गोड नाही, त्यामुळे तुम्हाला कदाचित तीच जास्त चालेल.

ह्योकाला परत चान्स द्यायचा असेल तर 12 ते 17 सलग बघा, शाळेच्या फेस्टिव्हलमधल्या चोरीचे. चोर पकडायला ओरेकीचा मित्र सातोशी जिवाचं रान करतो, तरी जमतं ते आळशी ओरेकीलाच, आणि जवळच्या मित्राबद्दल वाटणारी ती जळजळ इतकी खरी दाखवलीय की चोर कोण याचं मला फारसं काही वाटलंच नाही. तेही बोअर झालं तर खुशाल सोडा.