तळं खोल करण्याआधी

प्रश्न : आमच्या वसाहतीला लागून एक जुनी पाणथळ जागा आहे. पूर्वी तिथे खूप पक्षी यायचे. आता घरांचं सांडपाणी थेट तिथे जातं, वास येतो आणि जलपर्णी माजली आहे. जेसीबीने खोल करून काठ दगडांनी बांधायचा आणि पाणी शुद्ध व्हावं म्हणून आत कर्दळ लावायची, असं ठरतंय. हे बरोबर आहे का? डास वाढतील का?
– एक वाचक

उत्तर : जेसीबी बोलावला असेल तर आधी तो थांबवा. तुमच्या पाणथळीचा जीव तिच्या उथळ काठात आहे. वंचक, तुतवार हे पक्षी पायाच्या उंचीएवढ्या पाण्यात चरतात. सरळ दगडी काठ आणि खाली दोन पुरुष पाणी, अशा जागी त्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. उतार इतका हलका हवा की सहा-आठ पावलं गेल्यावर कुठे पाणी गुडघ्याला लागावं.

दुसरं, जुन्या पाणथळीलाच सांडपाण्याचं यंत्र बनवू नका. पाणी साफ करायला तिच्या अलीकडे वेगळा वाफा करा. तळाला पाणी जिरू न देणारा कागद, वर साधारण ६० सेंटिमीटर खडी, तीत कर्दळ, पाणकणीस किंवा नळ नावाचं उंच गवत. पाणी खडीच्या वरच्या पातळीच्या चार बोटं खालूनच वाहू द्या. उघडं पाणी नसलं की डासांना अंडी घालायला जागा नाही. १९५०च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी पाणवनस्पतींवर जे प्रयोग सुरू केले, त्यातून ही पद्धत वाढली. युरोपात माणशी सुमारे ५ चौरस मीटर जागा धरतात; उबदार हवेत कमी पुरते.

या वाफ्यातलं पाणकणसाचं एक रोप उपटून बघा. मी दरवर्षी बघते. खडी काळी, कुजक्या अंड्यासारखा वास, पण कोवळ्या मुळांवर गंजासारखा तांबूस लेप. पोकळ देठातून आलेला प्राणवायू मुळाबाहेर झिरपतो आणि पाण्यातलं लोह तिथे गंजतं, त्याची ती खूण. मुळालगतचे जिवाणू त्या प्राणवायूवर अमोनियाचं नायट्रेट करतात. काही मिलिमीटरवर प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. मोठं काम या जिवाणूंचं आहे, रोप त्यांना घर देतं. फॉस्फरस मात्र हवेत जात नाही. तो खडीला चिकटतो, थोडा रोपांत जातो, आणि खडीही कधीतरी भरते, म्हणून वाढलेली रोपं कापून बाहेर न्यायची.

वाफ्याआधी गाळ बसायची टाकी हवीच. माझ्या पहिल्या वाफ्याला मी ती ठेवली नव्हती. दुसऱ्या वर्षी तेलकट गाळाने खडी तुंबली, पाणी वर आलं, आणि सगळी खडी घमेल्यांनी उपसून धुवावी लागली. तो वास अजून आठवतो.

सांडपाणी वळवल्यावर जलपर्णी काढा आणि लांब टाका. काठावर कुजली तर तिच्यातलं सगळं पुन्हा पाण्यात उतरतं. उघड्या पाण्यातल्या डासांसाठी गप्पी किंवा गंबुशिया मासे आणून सोडू नका. तिथले मूळचे छोटे मासे आणि चतुरांच्या अळ्या परत येऊ द्या. गंबुशिया बेडकांची पिल्लंही खातो.

रोपं विकत आणायची घाई नको. डार्विनने एका डबक्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल सहा महिने झाकून ठेवला, तर त्यातून ५३७ रोपं उगवली. तुम्हीही काठावरच्या तीन-चार जागांचा वरचा चिखल पसरट ट्रेमध्ये घ्या, ओला ठेवा, उजेडात ठेवा. दोन-तीन महिन्यांत काय उगवतं ते मोजून मला कळवा, मग काय लावायचं ते ठरवू.