साथ आली की महापालिका नेमकं करते काय? बेड तर शेवटी ओळखीनेच मिळाले ना?

प्रश्नाचा पहिला भाग वाचून पुढे जाणार होते. दुसरा वाचला आणि राहवलं नाही. खाली तुम्ही असंही लिहिलंय की लॉकडाऊन केंद्राने लावला, नियम राज्याने काढले, लस केंद्राने पाठवली, मग मुंबई महापालिकेने जंतुनाशक फवारण्यापलीकडे केलं काय, आणि पुढची साथ आली तर फोन करायचा कुणाला. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. 2020 मध्ये कोविडची साथ आली तेव्हा आमची ड्यूटी आधी धान्यवाटपाला लागली, मग घरोघरच्या सर्वेक्षणाला आणि 2021 च्या दुसऱ्या लाटेत वॉर्डाच्या वॉर रूमला, म्हणजे बेडवाटपाच्या नियंत्रण कक्षाला. ज्या टेबलावरून बेड दिले जायचे त्या टेबलामागे बसलेली मी एक. तेव्हा लांबण लागणार, आधीच सांगते.

आधी अधिकाराचं उरकते. साथरोग कायदा 1897 चा, तोही मुंबईतल्या प्लेगमुळेच आला. 2020 च्या मार्चमध्ये राज्याने त्याच कायद्याखाली नियमावली काढली आणि महापालिका आयुक्तांना सक्षम प्राधिकारी केलं. मे महिन्यात राज्याने खासगी हॉस्पिटलांच्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले. झाले आदेश. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना ताप आहे, घरात संडास नाही, सून गरोदर आहे, आता या माणसाला ठेवायचं कुठे, हे दिल्लीत ठरत नाही आणि मंत्रालयातही ठरत नाही. ते वॉर्ड ऑफिसात ठरतं. मुंबईत अशी 24 वॉर्ड ऑफिसं होती. महापालिकेने काय केलं असं विचाराल तर माझं उत्तर हे, की तिने काम मुख्यालयातून उचलून वॉर्डांत नेलं. बाकी सगळं त्याच्या पोटात आलं.

सुरुवातीला तसं नव्हतं. एप्रिल-मे 2020 मध्ये लॅब अहवाल थेट रुग्णाच्या मोबाइलवर टाकायची. अहवाल पॉझिटिव्ह दिसला की अख्खं घर फोनला चिकटायचं आणि सगळ्या शहराचे फोन 1916 वर, म्हणजे महापालिकेच्या हेल्पलाइनवर. ज्याला काहीच होत नाही तोही बेड मागतोय आणि ज्याला धाप लागली आहे तोही, दोघं एकाच रांगेत. 8 मे रोजी आयुक्त बदलले, प्रवीण परदेशींच्या जागी इक्बालसिंह चहल आले. नंतर वॉर्डावॉर्डांत वॉर रूम झाल्या आणि पॉझिटिव्ह अहवाल आधी महापालिकेकडे येऊ लागले. यादी वॉर्डनिहाय फोडायची, आपणच रुग्णाला फोन करायचा, डॉक्टर पाठवायचा आणि मग ठरवायचं: घरीच, कोविड सेंटरला, की हॉस्पिटलला. अहवाल रुग्णाच्या हातात न देण्यावर खूप ओरड झाली, सर्वोच्च न्यायालयानेही राज्याला सुनावलं, आणि ते योग्यच होतं. माझा अहवाल मला नाही द्यायचा म्हणजे काय? पण वाटप वॉर्डात नेणं बरोबरच होतं, त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. घातलाही आहे. तोच सांगते.

2021 चा एप्रिल. 4 तारखेला मुंबईत एका दिवसात अकरा हजारांवर रुग्ण निघाले होते. आमची वॉर रूम म्हणजे वॉर्ड ऑफिसातला मीटिंग हॉल. भिंतीवर वॉर्डाचा नकाशा, टेबलांवर फोन, कॉम्प्युटरवर बेडचा डॅशबोर्ड. शेजारी एक फुलस्केप रजिस्टर, कारण डॅशबोर्डवर हिरवी दिसणारी खाट फोन लावेपर्यंत भरलेली असायची. म्हणून आम्ही हॉस्पिटलच्या डेस्कला फोन करून विचारायचो आणि पेन्सिलीने लिहायचो. पेनाने कुणी लिहीत नव्हतं. माझ्या बाजूला डेंटल कॉलेजची एक इंटर्न मुलगी. दाढा काढायला शिकत होती बिचारी आणि रात्रभर लोकांना विचारत बसायची, "काका, पालथं झोपवलंय का त्यांना? झोपवा आणि पाच मिनिटांनी परत बोट लावा मशीनला."

प्रश्न ठरलेले. नाव, वय, एसआरएफ आयडी (चाचणीचा नोंदणी नंबर), सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन किती, डायबेटिस-बीपी आहे का, डायलिसिसवर आहेत का. लोक उत्तर द्यायचे एचआरसीटीचं, म्हणजे छातीच्या स्कॅनचं. "मॅडम, स्कोअर नऊ आहे पंचवीसपैकी!" अहो, स्कोअर राहू द्या, दम लागतोय का ते सांगा. निम्मा फोन यातच जायचा.

एका रात्री बारानंतर एका रिक्षावाल्याचा फोन आला. आईचं सॅच्युरेशन 84. ऑक्सिमीटर शेजाऱ्यांचा. पत्ता काय, तर "गणपतीच्या देवळामागे, चक्कीची गल्ली". आमच्या वॉर्डात गणपतीची देवळं आणि चक्क्या कमी आहेत का? मी आरोग्य सेविकेला फोन लावला. ही बाई महापालिकेची, पण पगार नाही, मानधन. तिने झोपेतच ओळखलं. म्हणाली, "ती होय, निळ्या दाराची. त्यांना शुगर आहे, गोळ्या माझ्याकडूनच नेतात. गाडी चक्कीपर्यंतच जाईल हं मॅडम, पुढे गटाराचं काम चाललंय." एवढी माहिती कुठल्या ॲपमध्ये होती सांगा मला. गल्लीतल्या पोरांनी म्हातारीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणलं. पण गाडी येईना. त्या आठवड्यात ॲम्ब्युलन्सची ओढाताण विचारू नका. 16-17 एप्रिलच्या रात्री तर ऑक्सिजन कमी पडणार असं दिसल्यावर सहा हॉस्पिटलांतले 168 रुग्ण रातोरात दुसरीकडे हलवले होते.

गाडीच्या मागे लागलेली असतानाच माझा स्वतःचा मोबाइल वाजला. मोठे दीर.

भाऊजींचा अहवाल त्याच दिवशी पॉझिटिव्ह आला होता. सॅच्युरेशन 97. ताप उतरलेला. तीन खोल्यांचा फ्लॅट, घरात दोघंच, एका खोलीला स्वतंत्र बाथरूम. आणि त्यांना एका खासगी हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनची खाट हवी होती. का, तर "आत्ता नाही घेतली तर उद्या लागेल तेव्हा मिळणार नाही." मी म्हटलं, भाऊजी, वॉर्डाच्या नंबरवर फोन करा, डॉक्टर बोलतील, बहुतेक घरीच राहा म्हणतील, मी सकाळी तुम्हाला फोन करते. तर म्हणाले, "अगं, तू तिथेच बसली आहेस ना? मग नंबर कशाला लावू? घरच्या माणसासाठी एवढंही होत नाही?"

नाही होत. तेव्हाही हेच म्हटलं, आजही हेच म्हणते. रजिस्टरमध्ये ऑक्सिजनच्या खाटेसाठी थांबलेल्यांची नावं माझ्यासमोर होती आणि त्यात 97 वालं एकही नव्हतं.

रिक्षावाल्याच्या आईला पहाटेच्या सुमाराला जम्बो सेंटरमध्ये, म्हणजे साथीसाठी उभारलेल्या मोठ्या तात्पुरत्या कोविड सेंटरमध्ये, जागा मिळाली. भाऊजींना दुसऱ्या दिवशी दुपारी कुठल्याशा नगरसेवकाच्या ओळखीने हव्या त्याच हॉस्पिटलमध्ये मिळाली. हॉस्पिटलांना तेव्हा सक्त सूचना होती की वॉर रूमशिवाय परस्पर दाखल करायचं नाही. डॅशबोर्डवर ते हॉस्पिटल फुल होतं. तिथे ते जवळजवळ आठवडाभर राहिले, मोबाइलवर आयपीएल बघितलं, जाऊबाईंकडून डब्यात थालीपीठ मागवलं आणि घरी आले. तेव्हापासून प्रत्येक मुंजीत, प्रत्येक सत्यनारायणाला तीच टेप: "महापालिकेने काही केलं नाही. माझी ओळख होती म्हणून मी वाचलो." आणि माझ्याकडे बघून, "घरचं माणूस आत बसलेलं असून काही उपयोग नाही."

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: होय, काही बेड ओळखीने गेले. मी स्वतः घरातलं उदाहरण दिलं. पण ते महापालिकेच्या व्यवस्थेतून नाही गेले, तिला वळसा घालून गेले. आणि वळसा घालणारी माणसंच पुढे सांगत फिरतात की व्यवस्था नव्हती. त्यांनी अडवलेली खाट आमच्या पेन्सिलीच्या यादीत आली असती, तर आम्ही ती अडवू दिली नसती, एवढंच. नगरसेवकांनाही सरसकट शिव्या देत नाही मी. आमच्याकडचे एक जण रात्री-अपरात्री फोन करायचे, पण नाव सांगून आधी सॅच्युरेशन सांगायचे आणि "तुमच्या नंबरात बसत असेल तरच बघा" म्हणायचे. असेही होते.

धारावीचं सगळ्यांनी ऐकलंय, म्हणून थोडक्यात. 1 एप्रिल 2020 ला तिथे पहिला रुग्ण सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसं, संडास सार्वजनिक. तिथे घरात विलगीकरण म्हणणं ही थट्टाच. म्हणून धारावी ज्यात येते त्या जी उत्तर वॉर्डाने लोकांनी यायची वाट न बघता घरोघर जाऊन ताप तपासला, शाळा आणि क्रीडासंकुल विलगीकरणाला घेतलं, सार्वजनिक संडास दिवसातून अनेकदा धुतले, धारावीतल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. आमचा वॉर्ड नव्हता, तरी.

पण धारावीचं कौतुक करताना एक गोष्ट लोक गाळतात. जुलै 2020 च्या सिरो सर्वेक्षणात तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इमारतींमध्ये 16 टक्के. म्हणजे वस्त्यांत साथ चांगलीच पसरून गेली होती. सगळी आपणच अडवली असं मी म्हणणार नाही. आपण माणसं वेळेत उचलली, हे म्हणेन. आणि इमारतींमध्ये पुढच्या लाटेसाठी भरपूर सरपण शिल्लक होतं. दुसऱ्या लाटेत आमचे फोन टॉवरांमधूनच जास्त यायचे आणि हॉस्पिटलची निवडही तिथलेच करायचे. चाळीतला माणूस विचारायचा "मिळेल का?" टॉवरातला विचारायचा "कुठलं?"

ऑक्सिजनचंही तसंच. पहिल्या लाटेनंतर हॉस्पिटलांत आणि जम्बो सेंटरांत द्रव ऑक्सिजनच्या टाक्या बसवल्या होत्या, त्या दुसऱ्या लाटेत कामी आल्या. मे 2021 मध्ये दिल्लीचा प्राणवायूचा प्रश्न चालू असताना सर्वोच्च न्यायालयाने मुंबईकडून शिका म्हटलं. भाऊजींना मी ती बातमी पाठवली होती. त्यांनी अंगठा दाखवला. वरचा की खालचा हे आठवत नाही, पण नंतर ग्रुपच सोडला.

आता तुम्ही म्हणाल, बाई महापालिकेचीच, बाजू घेणारच. घेते. पण घाणही सांगते. जम्बो सेंटरांच्या कंत्राटांवर, खिचडीवर, मृतदेहांच्या पिशव्यांच्या खरेदीवर आरोप झाले, गुन्हे दाखल झाले. कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, हिशेब मागितले तेव्हा साडेतीन हजार कोटींच्या कोविड खर्चाची कागदपत्रं साथरोग कायद्याचं कारण देऊन दिली गेली नाहीत. साथीत धावपळ असते हे मला कुणी सांगायला नको, पण कागद दाखवायला काय साथ आडवी येते? खाली आम्ही पेन्सिलीने का होईना लिहून ठेवत होतो. आणि त्या आरोग्य सेविका. टाळ्या-थाळ्या झाल्या, फुलं झाली, मानधन ते मानधनच. त्यांना कायम करा, मग महापालिकेची बाजू मी दुप्पट आवाजात घेईन. शिवाय मी एका वॉर्डातून बोलते आहे. दुसऱ्या वॉर्डात फोन उचलला गेला नसेल, तुमच्या घरी तसं झालं असेल, तर ते मी खोटं म्हणणार नाही. आणि मुंबईकडे पैसा होता, केईएम-सायन-नायरसारखी स्वतःची मेडिकल कॉलेजं होती. वसई-विरार किंवा भिवंडीकडून याच अपेक्षा ठेवणं अन्यायाचं होईल.

फोन कुणाला करायचा? 1916 पाठ ठेवा, पण त्याआधी आपल्या भागाचं महापालिकेचं आरोग्य केंद्र कुठे आहे ते आत्ताच बघून या. साथ नसताना. तिथल्या सेविकेला आपलं घर दाखवा, घरात वय झालेलं कोण आहे, कुणाला काय आजार आहे ते सांगा. सोसायटीवाले वॉचमनला सांगून तिला गेटवरूनच परत पाठवतात, सर्वेक्षणात मलाही पाठवलं होतं. तुम्ही मीटिंगमध्ये उठून तेवढं बंद करा. आणि वेळ आलीच तर फोनवर आधी पत्ता सांगा, खुणेसकट, गाडी कुठपर्यंत येते तेही. मग वय, मग सॅच्युरेशन. आपण कोणाला ओळखतो ते शेवटी सांगा. तोवर आम्ही फोन ठेवलेला असतो.